रुग्णालयातील शाळा : मुंबई इलाख्यातील परिचारिका प्रशिक्षणाची वाटचाल

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचा डॉक्टरांशी दिवसभरात जेमतेम काही मिनिटे संबंध येतो. उरलेला सारा वेळ, विशेषतः रात्र, तो परिचारिकांच्या स्वाधीन असतो. औषधाची वेळ, जखमेची निगा, ताप व नाडीची नोंद, खाट बदलणे, धीर देणे ही कामे ज्यांच्या हाती असतात त्यांचे शिक्षण कोठे आणि कसे होते, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. भारतात हे शिक्षण दीर्घकाळ विद्यापीठात नव्हे, तर रुग्णालयाच्याच आवारात झाले. रुग्णालयाला जोडलेली शाळा, तिच्याच शेजारी वसतिगृह आणि वर्ग म्हणून वॉर्ड, अशी ही रचना होती.

पश्चिम भारतात या रचनेची सुरुवात १८८० च्या दशकात मुंबईत झाली. सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय, कामा रुग्णालय, पुण्याचे ससून, मिरजेचे मिशन रुग्णालय अशा संस्थांतून ती विस्तारली. आज परिचर्येचे शिक्षण पदवी महाविद्यालयांकडे सरकत असताना या शाळांनी काय दिले आणि कोणती किंमत घेऊन दिले, हे समजून घेणे उपयुक्त ठरते.

प्रशिक्षणापूर्वीची स्थिती

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आजाऱ्याची शुश्रूषा हे घरातील स्त्रियांचे काम मानले जाई. बाळंतपण सुईणीच्या हाती असे. रुग्णालयात जाणे ही शेवटची आणि बहुधा गरिबांचीच वाट होती. तेथे रुग्णांची देखभाल वॉर्डबॉय, आया आणि लष्करी रुग्णालयांतून शिकून आलेले पुरुष परिचर करीत. त्यांना कोणतेही पद्धतशीर शिक्षण मिळालेले नसे.

मद्रास येथे १८५४ मध्ये प्रसाविकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली आणि १८७१ मध्ये तेथील सरकारी रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. दिल्लीत सेंट स्टीफन्स रुग्णालयाने भारतीय मुलींना शिकविण्याचा प्रारंभीचा प्रयत्न केला. मुंबई इलाख्यात ही चळवळ काही वर्षे उशिरा आली. मात्र येथे तिला देणगीदार नागरिकांचे पाठबळ मोठ्या प्रमाणावर लाभले.

लंडनचा नमुना

या सर्व शाळांचा मूळ नमुना लंडनचा होता. क्रिमियन युद्धातील कामगिरीनंतर जमलेल्या सार्वजनिक निधीतून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू केली. त्यामागे तीन कल्पना होत्या. परिचारिकांवर अधिकार प्रशिक्षित मेट्रनचा असावा, रुग्णालयाच्या कारभाऱ्याचा नसावा, ही पहिली. विद्यार्थिनींनी रुग्णालयाच्या आवारातील वसतिगृहात शिस्तीने राहावे, ही दुसरी. शिक्षण प्रत्यक्ष वॉर्डात, काम करता करता व्हावे, ही तिसरी.

नाइटिंगेल भारतात कधीही आल्या नाहीत. तरीही १८६५ मध्ये त्यांनी भारतातील रुग्णालयांसाठी परिचर्येची योजना सुचविली होती. येथील आरोग्यस्थितीविषयी त्या पुढेही अनेक वर्षे पत्रव्यवहार करीत राहिल्या. १८८८ मध्ये ब्रिटिश परिचारिकांची पहिली तुकडी लष्करी रुग्णालयांसाठी मुंबई बंदरात उतरली. परंतु या परिचारिका गोऱ्या सैनिकांसाठी होत्या. सामान्य भारतीय रुग्णांसाठी, त्यातही स्त्रियांसाठी, काय करावे हा प्रश्न वेगळा होता.

कामा आणि जे. जे.

परपुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास अनेक स्त्रिया तयार नसत आणि उपचाराविना त्यांचा मृत्यू ओढवे. या स्थितीवर उपाय म्हणून अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज आणि पारशी समाजसुधारक सोराबजी शापुरजी बंगाली यांनी मुंबईत निधी उभारला. स्त्री डॉक्टरांना इंग्लंडमधून आणणे, स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालय बांधणे आणि तेथे स्त्रियांना शिकविणे, असा त्यांचा बेत होता. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी त्यासाठी एक लाखाहून अधिक रुपयांची देणगी दिली. नोव्हेंबर १८८३ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. पुढे बमनजी एदलजी ऑलब्लेस यांच्या देणगीतून त्याला प्रसूती रुग्णालयाची जोड मिळाली.

रुग्णालयाची सूत्रे डॉ. एडिथ पीची यांच्याकडे होती. एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाचा हक्क मागणाऱ्या सात स्त्रियांपैकी त्या एक होत्या आणि १८८३ च्या डिसेंबरात त्या मुंबईत आल्या होत्या. स्त्री डॉक्टर आणून भागणार नाही, तर त्यांच्या हाताखाली शिकलेल्या परिचारिकाही हव्यात, हे ओळखून त्यांनी कामा रुग्णालयात परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू केले. याच रुग्णालयात पुढे डॉ. रखमाबाई यांनीही काही काळ काम केले.

साधारण याच सुमारास भायखळ्याच्या सर जे. जे. रुग्णालयातही परिचारिकांची शाळा आकारास आली. १८४५ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले होते. त्यामुळे डॉक्टर आणि परिचारिका या दोन्हींचे शिक्षण एकाच आवारात होऊ लागले. मुंबईच्या रुग्णालयांतील परिचर्येची व्यवस्था प्रारंभीच्या काळात बऱ्याच अंशी ऑल सेंट्स या अँग्लिकन संघातील धर्मभगिनींकडे होती. परिचारिकेला आजही रुग्ण आणि नातेवाईक 'सिस्टर' म्हणूनच हाक मारतात. त्या संबोधनामागे धर्मभगिनींची ही परंपरा आणि इंग्लंडमधील वॉर्डप्रमुखाचे पदनाम या दोन्हींचा वाटा आहे.

परिचर्येच्या इतिहासपर पाठ्यपुस्तकांत प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव दिले जाते आणि त्यांच्या प्रवेशाचे वर्ष १८९१ असे नोंदविलेले आढळते. त्यांच्याविषयी याहून अधिक तपशील या पुस्तकांत सहसा नसतो. देणगीदारांची नावे इमारतींवर कोरली गेली, डॉक्टरांची चरित्रे लिहिली गेली, परंतु पहिल्या विद्यार्थिनींच्या वाट्याला एक ओळ आली.

कोण शिकावयास येत असे?

प्रारंभीच्या विद्यार्थिनींमध्ये युरोपीय, अँग्लो-इंडियन, भारतीय ख्रिस्ती, पारशी आणि बेने इस्रायल समाजातील मुलींचे प्रमाण मोठे होते. हिंदू व मुसलमान कुटुंबांतून फारच थोड्या येत. याची कारणे उघड होती. परक्या माणसाच्या देहाला हात लावणे, मलमूत्र साफ करणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाला जेवण भरविणे, पुरुषांच्या वॉर्डात रात्रपाळी करणे आणि घर सोडून वसतिगृहात राहणे, यांपैकी एकही गोष्ट तत्कालीन प्रतिष्ठेच्या कल्पनेत बसणारी नव्हती.

परिणामी ज्या स्त्रियांना घराचा आधार उरलेला नव्हता त्यांच्यासाठीच हा मार्ग खुला राहिला. त्यात विधवा, परित्यक्ता आणि अनाथ मुली होत्या. राहण्याची जागा, दोन वेळचे जेवण, गणवेश आणि थोडे विद्यावेतन मिळत असल्याने शिक्षणासाठी पैसा लागत नसे. स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे करणारे, फी न घेता उलट पैसे देणारे असे शिक्षण त्या काळी दुसरे क्वचितच होते.

१८९६ मध्ये मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा प्रशिक्षित परिचारिकांची टंचाई किती मोठी आहे हे स्पष्ट झाले. तात्पुरती प्लेग रुग्णालये उभी राहिली, परंतु त्यांत स्त्री रुग्णांची देखभाल करण्यास पुरेशा स्त्रिया नव्हत्या. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. परिचारिका हे काही त्यांचे पद नव्हते. तरीही शुश्रूषेच्या कामाला कमी लेखणाऱ्या समाजापुढे त्यांनी ठेवलेला हा दाखला महत्त्वाचा आहे.

पुणे : सेवासदन आणि ससून

उच्चवर्णीय मराठी कुटुंबांतील स्त्रियांना या क्षेत्रात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने पुण्याच्या सेवासदनाकडे जाते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या १९०१ मधील निधनानंतर रमाबाई रानडे यांनी स्वतःला सार्वजनिक कार्यास वाहून घेतले. येरवड्याचा तुरुंग, ससून रुग्णालय अशा ठिकाणी त्या नियमितपणे जात आणि तेथील स्त्रियांची विचारपूस करीत. १९०९ मध्ये पुणे सेवासदनाची स्थापना झाली. रमाबाई तिच्या अध्यक्षा होत्या आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे प्रमुख सहकारी होते.

डेव्हिड ससून यांच्या देणगीतून बांधलेले ससून रुग्णालय १८६७ पासून पुण्यात कार्यरत होते. सेवासदनाने या रुग्णालयाशी सहकार्य करून आपल्याकडील स्त्रियांना परिचारिका व प्रसाविका यांच्या शिक्षणासाठी तेथे पाठविण्यास सुरुवात केली आणि त्यांच्या निवासाची सोय केली. या योजनेचे वैशिष्ट्य निवासातच होते. रुग्णालयाच्या वसतिगृहात मुलगी पाठविण्यास जे कुटुंब तयार नव्हते, ते रमाबाईंच्या देखरेखीखालील निवासात तिला पाठवू लागले. खाण्यापिण्याचे नियम, सोवळे-ओवळे, लोकापवाद या अडचणींवर वाद घालीत बसण्यापेक्षा त्यांनी त्या व्यवहाराने सोडविल्या.

तरीही विरोध झालाच. विधवेने लुगडे सोडून परिचारिकेचा पोशाख करावा, पुरुष रुग्णांची सेवा करावी, यावर टीका होत असे. या टीकेला उत्तर मिळाले ते कामातूनच. शिकून बाहेर पडलेल्या स्त्रिया जिल्ह्याच्या ठिकाणी, नगरपालिकांच्या दवाखान्यांत आणि प्रसूतिगृहांत नोकरीस लागल्या आणि पगारावर घर चालवू लागल्या.

ससूनच्या इतिहासातील एक प्रसंग सर्वश्रुत आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवडा तुरुंगातून आणलेल्या महात्मा गांधींवर तेथे कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली. परिचारिकेच्या हातातील विजेरीच्या उजेडात काम पुढे चालले. तीही विझल्यावर अखेर कंदिलाच्या प्रकाशात शस्त्रक्रिया पूर्ण करण्यात आली. गांधीजींचे आणि सर्जनचे नाव इतिहासात राहिले. विजेरी धरणारे हात अनामिकच राहिले.

मिरज आणि मिशन रुग्णालये

शहरांबाहेर परिचर्येचे शिक्षण नेण्याचे काम मुख्यतः मिशन रुग्णालयांनी केले. डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले सर्जन १८८९ मध्ये भारतात आले. सांगलीत दवाखाना चालविल्यानंतर त्यांनी मिरजेत काम सुरू केले आणि १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभे राहिले. मिरज हे रेल्वेचे मोठे जंक्शन असल्याने दूरवरच्या प्रदेशांतून रुग्ण तेथे येत. वॉनलेस यांना १९२८ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. या रुग्णालयातून वैद्यकीय सहाय्यकांप्रमाणेच परिचारिकांच्याही अनेक पिढ्या तयार झाल्या.

मिशन रुग्णालयांच्या शाळांची दोन वैशिष्ट्ये सांगता येतील. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत निराधार झालेल्या आणि मिशनच्या वसतिगृहांत वाढलेल्या मुलींना येथे एक व्यवसाय मिळाला, हे पहिले. बहुतेक शिक्षण प्रादेशिक भाषेतून दिले जाई, हे दुसरे. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत इंग्रजीवाचून चालत नसे. लहान गावातील मिशनच्या शाळेत मात्र शरीररचना, स्वच्छता, पट्ट्या बांधणे हे सारे मराठीतून वा हिंदीतून समजावून द्यावे लागे. त्यामुळे सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या मुलीलाही प्रवेश मिळू शके.

नागपूर ते रायपूर

आजचा विदर्भ आणि आजचे छत्तीसगड हे १९५६ पर्यंत एकाच प्रांताचे भाग होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. रायपूरमधील मराठी भाषकांची वस्ती याच काळातील नोकऱ्या, व्यापार व शिक्षण यांच्याशी निगडित आहे. आरोग्यसेवेच्या बाबतीतही हा प्रदेश दीर्घकाळ मिशन रुग्णालयांवर अवलंबून होता. धमतरी येथे अमेरिकन मेनोनाइट मिशनने १९१० मध्ये रुग्णालय स्थापन केले. रायपूरजवळ तिल्दा येथेही मिशन रुग्णालय उभे राहिले. या रुग्णालयांना जोडून परिचारिकांच्या शाळा चालू झाल्या आणि आसपासच्या खेड्यांतील मुलींसाठी त्या शिक्षणाचे द्वार ठरल्या.

१९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेनुसार विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड स्वतंत्र राज्य झाले. परिचारिकांची नोंदणी राज्यनिहाय होत असल्याने प्रत्येक पुनर्रचनेबरोबर नोंदणीची कार्यालयेही बदलली. रायपूरलगतच्या बीरगांवसारख्या औद्योगिक वस्तीतील विद्यार्थिनीला आज रायपूर शहरातच शासकीय नर्सिंग महाविद्यालय आणि २०१२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उपलब्ध आहे. दोन पिढ्यांपूर्वी तिच्यापुढे मिशनचे रुग्णालय किंवा नागपूर, जबलपूर यांसारखी दूरची शहरे असे मोजकेच पर्याय होते.

शाळा चालत असे ती कशी?

रुग्णालयातील शाळेचे अर्थकारण समजून घेतल्याखेरीज तिचा इतिहास पूर्ण होत नाही. विद्यार्थिनीला 'प्रोबेशनर' म्हटले जाई. पहिले काही महिने परीक्षेचे असत. ती काम झेपवू शकते की नाही हे पाहून मेट्रन तिला पुढे ठेवीत किंवा परत पाठवीत. त्यानंतर सुमारे तीन वर्षे ती वैद्यकीय, शस्त्रक्रिया, बालरोग, प्रसूती अशा वॉर्डांतून आळीपाळीने काम करी. वर्गातील तास बहुधा पाळी संपल्यावर असत. रात्रपाळी करून आलेली मुलगी सकाळी डॉक्टरांच्या व्याख्यानाला बसे.

या व्यवस्थेत दोन्ही बाजूंचा लाभ होता, परंतु तो समान नव्हता. विद्यार्थिनीला विनाशुल्क शिक्षण मिळे. रुग्णालयाला अल्प विद्यावेतनात तीन वर्षे पूर्णवेळ मनुष्यबळ मिळे. अनेक रुग्णालयांत पगारी परिचारिका मोजक्याच असत आणि वॉर्डाचा बराच भार विद्यार्थिनींवर असे. रुग्णसंख्या वाढली की तास रद्द होत. शिकविण्यासाठी स्वतंत्र शिक्षिका बहुतेक ठिकाणी नव्हत्या. मेट्रन आणि वॉर्डातील सिस्टर आपापले काम सांभाळून शिकवीत. शिक्षण पूर्ण झाल्यावर ठरावीक काळ त्याच रुग्णालयात नोकरी करण्याचा करार असे.

वसतिगृहाचे नियम कडक होते. बाहेर जाण्याची परवानगी, दिवे मालविण्याची वेळ, भेटीचे दिवस हे सारे ठरलेले असे. बहुतेक ठिकाणी विवाहित स्त्रियांना प्रवेश नसे आणि शिक्षणकाळात विवाह झाल्यास शाळा सोडावी लागे. पालकांच्या दृष्टीने हे नियम सुरक्षिततेची हमी होते. विद्यार्थिनींच्या दृष्टीने ते अनेकदा जाचक होते.

आणि तरीही या पद्धतीची एक बाजू नाकारता येत नाही. रुग्णाच्या चेहऱ्यावरून त्याची प्रकृती बिघडते आहे हे ओळखणे, दुखऱ्या शरीराखालची चादर रुग्णाला त्रास न होता बदलणे, मृत्यूच्या वेळी नातेवाइकांशी बोलणे या गोष्टी वॉर्डातच शिकता येतात. रुग्णालयातील शाळेतून बाहेर पडलेली परिचारिका पहिल्या दिवसापासून काम सांभाळू शके, हे तिचे विरोधकही मान्य करीत.

परीक्षा, नोंदणी आणि नावे

प्रारंभी प्रत्येक रुग्णालय स्वतःची परीक्षा घेई आणि स्वतःचे प्रमाणपत्र देई. एका रुग्णालयाची परिचारिका दुसऱ्या रुग्णालयात कितपत चालेल हे सांगता येत नसे. १९०८ मध्ये ट्रेंड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही परिचारिकांची संघटना अस्तित्वात आली. १९०९ च्या सुमारास स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशनने इलाख्यातील शाळांसाठी समान परीक्षा व दर्जा ठरविण्याचा प्रयत्न केला. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यात परिचारिका, प्रसाविका व आरोग्यनिरीक्षिका यांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यामुळे प्रमाणपत्राला रुग्णालयाबाहेरही कायदेशीर मोल आले. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६६ मध्ये महाराष्ट्र परिचारिका अधिनियम संमत झाला आणि त्याखाली महाराष्ट्र परिचर्या परिषद काम करू लागली.

राज्यभाषेच्या धोरणानुसार पदांची नावेही मराठीत आली. मेट्रन झाल्या अधिसेविका, वॉर्डप्रमुख सिस्टर झाल्या परिसेविका, स्टाफ नर्स झाल्या अधिपरिचारिका आणि शिकविणाऱ्या सिस्टर ट्यूटर झाल्या पाठ्यनिर्देशिका. शासकीय आदेशांत ही नावे रूढ आहेत. वॉर्डात मात्र 'सिस्टर' आणि अलीकडे पुरुष परिचारकांसाठी 'ब्रदर' हीच नावे चालतात.

भोर समितीचे निदान

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेण्यासाठी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. अविभाजित भारतात त्या वेळी सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे साधारण ४३,००० लोकसंख्येमागे एक. समितीने १९७१ पर्यंत ७ लाख ४० हजार परिचारिकांची गरज वर्तविली होती.

समितीने केवळ संख्येवर बोट ठेवले नाही. परिचारिकांचे निवास, कामाचे तास, वेतन आणि सामाजिक स्थान सुधारल्याखेरीज चांगल्या मुली या व्यवसायाकडे वळणार नाहीत, असे तिचे म्हणणे होते. विद्यार्थिनीकडे स्वस्त मजूर म्हणून न पाहता विद्यार्थिनी म्हणून पाहावे, ही मागणी तेव्हापासून प्रत्येक सुधारणेच्या केंद्रस्थानी राहिली. १९४६ मध्येच दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभरातील अभ्यासक्रमात एकसूत्रता आणण्याचे काम या परिषदेकडे आले. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६४ मध्ये लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय सुरू केले.

रुग्णालयातील शाळा मात्र बंद झाल्या नाहीत. जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, अर्थात जीएनएम या पदविकेच्या रूपाने त्या चालू राहिल्या आणि देशातील परिचारिकांचा मोठा भाग पुढील अनेक दशके त्यांनीच पुरविला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केरळमधील मुली मोठ्या संख्येने मुंबई-पुण्यातील शाळांत व रुग्णालयांत आल्या. प्रवेशाची किमान पात्रता सातवी-आठवीवरून शालान्त परीक्षेपर्यंत आणि नंतर बारावीपर्यंत वाढत गेली.

शाळा की महाविद्यालय?

जीएनएम टप्प्याटप्प्याने बंद करून पदवी हीच या व्यवसायाची किमान पात्रता करावी, असा विचार गेल्या दशकात परिचर्या परिषदेच्या पातळीवर पुढे आला. त्यासाठी ठरविलेली मुदत प्रत्यक्षात पाळली गेली नाही आणि जीएनएमचे प्रवेश चालू राहिले. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो करण्यात आला आहे. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०१४ नंतर स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये उभारण्याची घोषणा झाली.

पदवीच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे सबळ आहेत. अतिदक्षता विभागातील यंत्रे, औषधांची गुंतागुंत आणि परदेशातील पात्रतेचे निकष पाहता अधिक सखोल शिक्षण आवश्यक आहे. पदवी असल्याखेरीज परिचारिकेला अध्यापन, संशोधन आणि धोरण या क्षेत्रांत जाता येत नाही, आणि डॉक्टरांच्या तुलनेत तिचे स्थान दुय्यमच राहते.

दुसरी बाजूही तितकीच विचारात घेण्यासारखी आहे. शासकीय आणि धर्मादाय रुग्णालयांच्या शाळांत विद्यावेतनासह शिकलेल्या मुली बहुधा अल्प उत्पन्न गटातील, ग्रामीण व आदिवासी भागांतील असत. पदवी शिक्षण खासगी महाविद्यालयांत गेले, तर त्याचा खर्च या कुटुंबांच्या आवाक्याबाहेर जाण्याची शक्यता असते. शिवाय गेल्या काही दशकांत स्वतःचे पुरेसे रुग्णालय नसलेल्या संस्थाही निघाल्या. तेथील विद्यार्थिनींना सरावासाठी इतरांच्या वॉर्डांत जावे लागते. या पार्श्वभूमीवर, नर्सिंग संस्थेचे स्वतःचे रुग्णालय असावे असा आग्रह परिषदेने अलीकडच्या नियमांत धरला आहे. रुग्णालय आणि शाळा यांचा जो संबंध जुन्या काळी गृहीतच धरला जाई, तो आता नियमाने घालून द्यावा लागत आहे.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ च्या सुमारास देशात ३३ लाखांहून अधिक परिचर्या कर्मचाऱ्यांची नोंदणी होती आणि हजार लोकसंख्येमागे त्यांचे प्रमाण सुमारे दोन होते. ४३,००० मागे एक या स्थितीपासूनचा हा प्रवास मोठा आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेचा निकष म्हणून हजारामागे तीनचा आकडा सांगितला जातो आणि तो अद्याप गाठावयाचा आहे.

वॉर्डातील वारसा

या शाळांनी काय घडविले याची साक्ष मुंबईतील दोन घटना देतात. के. ई. एम. रुग्णालयातील एक परिचारिका १९७३ मध्ये तेथेच झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर कायमची अंथरुणाला खिळली. २०१५ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत, बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी तिची शुश्रूषा केली. तिची देखभाल करणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या, परंतु सेवा थांबली नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचाच असल्याचे मान्य केले आणि त्यांच्या सेवेचा गौरव केला.

दुसरी घटना कामा रुग्णालयातील आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी या रुग्णालयात शिरले, तेव्हा अंजली कुलथे या परिचारिका प्रसूतिपूर्व विभागात रात्रपाळीवर होत्या. त्यांच्याकडे वीस गर्भवती स्त्रिया होत्या. त्यांनी दारे बंद केली, दिवे मालविले आणि सर्वांना आतल्या लहानशा खोलीत हलविले. त्या गोंधळातच एका स्त्रीला प्रसूतिवेदना सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या आधाराने प्रसूतिकक्षापर्यंत नेले. सर्व स्त्रिया वाचल्या. पुढे कुलथे यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव सांगितला.

ज्या रुग्णालयात १८८० च्या दशकात डॉ. पीची यांनी पहिल्या विद्यार्थिनींना वॉर्ड सांभाळण्यास शिकविले, तेच हे रुग्णालय. शिक्षण शाळेत द्यावे की महाविद्यालयात, पदविका असावी की पदवी, याचा निर्णय धोरणकर्ते घेतील. मात्र विद्यार्थिनीला शिकण्यास पुरेसा वेळ, शिकविण्यास पुरेशा शिक्षिका आणि गरीब घरातील मुलीला परवडेल असा प्रवेश मिळावा, हे तीन प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपासून तेच आहेत. त्यांची उत्तरे कशी दिली जातात, यावरच वॉर्डातील पुढच्या रात्रपाळीला कोण असेल हे ठरणार आहे.